पॅसेजनंतर पेशी चिकटत नाहीत: सेल कल्चर कार्यशाळेतला नेहमीचा बिघाड आणि तो शोधायचा क्रम

पाच दिवसांच्या सेल कल्चर (शरीराबाहेर भांड्यात पेशी वाढवणं) कार्यशाळेचं वेळापत्रक सगळीकडे साधारण सारखंच असतं. पहिल्या दिवशी निर्जंतुक हाताळणी आणि मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) तयार करणं, दुसऱ्या दिवशी ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर लावून पॅसेज, म्हणजे चिकटलेल्या पेशी सोडवून नव्या भांड्यात घालणं, तिसऱ्या दिवसापासून मोजणी, एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजणारी चाचणी), पेशी गोठवणं वगैरे. त्यामुळे बिघाडही ठरल्या वेळी येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपवरून कोणीतरी मान वर करतं आणि म्हणतं, "मॅडम, सगळ्या तरंगतायत." आदल्या दुपारी टी-२५ फ्लास्कमध्ये (तळ २५ चौरस सेंटिमीटरचा) घातलेल्या पेशी रात्रीतून तळाला चिकटून पसरायला हव्या होत्या. पुढचे सगळे प्रयोग त्याच फ्लास्कांवर असतात, म्हणून लगेच दोष कोणाचा याची चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा सीरमला, म्हणजे मीडियममध्ये घालायच्या रक्तद्रवाला, नावं ठेवली जातात. ते महाग असतं आणि त्याला उत्तर देता येत नाही.

सीरम खरोखर वाईट निघाल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि खर्चिक तपासणीकडे जातो. तो कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी आणि प्रयोगशाळा साहाय्यकांसाठी आहे, पण शिकायला आलेल्यांनी वाचला तरी चालेल. इथे व्हेरो, हेला, एल-९२९ यांसारख्या चिकटून वाढणाऱ्या पेशी गृहीत धरल्या आहेत. जुर्काट किंवा के-५६२ दिल्या असतील तर त्या तरंगणारच. तो त्यांचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

लक्षणं

"पेशी मेल्या" एवढ्यावर निदान होत नाही. नेमकं काय दिसतंय ते आधी वहीत लिहा, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या दिशेला नेतं.

पेशी गोल, चकचकीत, कडेला तेजस्वी वलय असलेल्या आणि तरंगणाऱ्या असतील तर त्या बहुधा जिवंत आहेत, फक्त चिकटलेल्या नाहीत. करड्या, निस्तेज, दाणेदार, आजूबाजूला तुकडे पसरलेले असतील तर त्या मेल्या आहेत. गुच्छ झाले असतील आणि गुच्छांना चिकट तंतू लोंबत असतील तर पेशी फुटून त्यांचा डीएनए बाहेर आला आहे. चिकटल्या आहेत पण फारच विरळ, हा वेगळा प्रकार. मधोमध दाटी आणि कडेला ओसाड, हा आणखी वेगळा. मीडियम गढूळ असेल, किंवा मायक्रोस्कोपखाली पेशींच्या मधल्या जागेत बारीक ठिपके वळवळत असतील, तर थेट खाली जंतुसंसर्गाच्या भागाकडे जा. तो फ्लास्क मात्र आधी बाजूला काढा.

दाट फ्लास्कमध्ये अधूनमधून एखादी पेशी गोल आणि चमकदार दिसते, ती विभाजनाच्या तयारीत असते. तिला पाहून घाबरणारे दर बॅचमध्ये दोघेतिघे असतातच.

काहीही ओतण्याआधी: सगळे फ्लास्क रांगेत

कार्यशाळेची एक सोय संशोधकाला कधी मिळत नाही. एकाच दिवशी, एकाच पेशींवर, वीस माणसांनी तोच प्रयोग केलेला असतो. एकट्या फ्लास्ककडे बघून जे कळायला आठवडा जाईल ते वीस फ्लास्क शेजारी ठेवले की दहा मिनिटांत कळतं. म्हणून ओळ लावा. प्रत्येक फ्लास्कवर नाव, टेबल क्रमांक, कोणत्या बाटलीतलं मीडियम आणि ट्रिप्सिन लावल्याची वेळ हे असायलाच हवं. हे आदल्या दिवशीच लिहून घेतलेलं नसेल तर आजचं निदान अर्धं अंदाजाने होणार.

मग बघा. एकदोघांचेच फ्लास्क गेले असतील तर हात तपासा. एका टेबलाचे गेले असतील तर त्या टेबलावरची बाटली. सगळ्यांचे गेले, पण शिकवणाऱ्याने त्याच मीडियममध्ये, त्याच ट्रिप्सिनने केलेला फ्लास्क ठणठणीत असेल, तर दोष वेळेत किंवा वाट पाहण्यात आहे. शिकवणाऱ्याचाही गेला असेल तर मीडियम, इनक्युबेटर किंवा मूळ पेशी. आणि शिकवणाऱ्याने स्वतःचा फ्लास्क केलाच नसेल, तर ही सर्वांत मोलाची खूण हातातून गेली. पुढच्या बॅचला करा. पाच मिलीलिटर मीडियम जातं, बस.

दोन मिनिटांची ट्रायपॅन ब्लू चाचणी

तरंगणाऱ्या द्रवातले २० मायक्रोलिटर आणि तेवढंच ०.४ टक्क्यांचं ट्रायपॅन ब्लू एकत्र करून हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या, चौकोन आखलेल्या काचेवर) पाहा. जिवंत पेशी रंग बाहेर ठेवतात, मेलेल्या निळ्या होतात. तीन ते पाच मिनिटांत बघून टाका, जास्त वेळ ठेवलं तर धडधाकट पेशीही रंग घेऊ लागतात.

बहुतेक पेशी रंगहीन असतील तर बातमी चांगली आहे. मीडियमसकट त्या गोळा करा, सेंट्रिफ्यूजमध्ये हळू फिरवा, ताज्या मीडियममध्ये नव्या फ्लास्कात घाला; संध्याकाळपर्यंत चिकटलेल्या दिसू शकतात. अशा वेळी भांडं, पीएच आणि मीडियम यांवर संशय घ्यावा. बहुतेक निळ्या असतील तर भांडं बदलून उपयोग नाही. ट्रिप्सिन, सेंट्रिफ्यूज, तापमान किंवा पाणी यांकडे वळा. या एका चाचणीने पुढची निम्मी यादी गळते.

मीडियमचा रंग आणि फ्लास्कचं झाकण

मीडियममधला फिनॉल रेड पीएच ७.४ च्या आसपास लाल असतो, आम्ल वाढलं की नारिंगी आणि मग पिवळा, अल्क वाढलं की गुलाबी-जांभळा. फ्लास्क पांढऱ्या कागदासमोर धरून बघायचा.

जांभळा असेल तर पहिल्यांदा झाकण. साध्या झाकणाचे फ्लास्क कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये ठेवताना झाकण पाव फेरा सैल ठेवावं लागतं. घट्ट राहिलं तर वायू आत शिरत नाही, बायकार्बोनेटचा तोल बिघडतो आणि पीएच चढतो. फिल्टर असलेली झाकणं घट्टच लावायची असतात. कार्यशाळेत दोन्ही प्रकार मिसळलेले असले की गोंधळ ठरलेला. एकच प्रकार द्या, नाहीतर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

झाकण बरोबर असूनही सगळे फ्लास्क जांभळे असतील तर सिलिंडर बघा. सगळे पिवळे, पण गढूळ नाहीत आणि पेशीही फार नाहीत, असं असेल तर पावडरपासून मीडियम करताना सोडियम बायकार्बोनेट घालायचं राहिलं आहे का ते विचारा. बहुतेक पावडरींमध्ये ते नसतं, वेगळं घालावं लागतं: अर्लच्या क्षारांच्या एमईएम या मीडियमला लिटरला २.२ ग्रॅम, डीएमईएम या मीडियमला ३.७ ग्रॅम. हँक्सच्या क्षारांच्या मीडियममध्ये ते लिटरला फक्त ०.३५ ग्रॅम असतं, ते साध्या हवेसाठी आहे. असं मीडियम पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलं तर पिवळंच पडणार.

आणखी एक कारण फक्त कार्यशाळेतच घडतं. व्याख्यान लांबतं आणि मीडियमची बाटली तासभर हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, उघडमीट होत राहते. प्रत्येक वेळी थोडा वायू उडून जातो, शेवटच्या टेबलाला जांभळं मीडियम मिळतं. उपाय फुकट आहे. सकाळीच प्रत्येकाच्या नावाने ५० मिलीच्या नळीत मीडियम वाटून ठेवा. एकाची नळी खराब झाली तर ती एकाचीच होते, हा वरचा फायदा.

भांडं कोणतं?

ही चूक महाविद्यालयांत अजून होते. भांडारातून पेट्रीडिश आणल्या जातात, त्या मायक्रोबायोलॉजीच्या असतात. दिसायला सारख्याच. साधं पॉलिस्टायरीन पाणी झटकतं, त्यावर पेशी पकड घेत नाहीत. टिश्यू कल्चरच्या भांड्यांचा पृष्ठभाग प्रक्रिया करून ओला होणारा केलेला असतो. वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं. वेष्टन फेकलं गेलं असेल तर मीडियमचा एक थेंब टाकून तिरपं करा. थेंब पसरला तर भांडं योग्य, मण्यासारखा घरंगळला तर ते भांडं परत पाठवा. पेशी जिवंत असून चिकटत नाहीत, आणि फक्त डिशमधल्या चिकटत नाहीत पण फ्लास्कमधल्या चिकटतात, असं दिसलं तर पुढे वाचायचीही गरज नाही.

मधे दाटी आणि कडेला ओसाड, हे भांड्यामुळे होत नाही. पेशी घातल्यावर फ्लास्क गोल गोल फिरवण्याची सवय असते, त्याने पेशी मध्यभागी गोळा होतात. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा. एका बाजूला दाटी असेल तर इनक्युबेटरची फळी कललेली आहे.

ट्रिप्सिन: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

कार्यशाळेतले बहुतेक फ्लास्क इथे जातात, आणि दोन विरुद्ध कारणांनी.

पहिलं म्हणजे ट्रिप्सिन जास्त वेळ राहणं. ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए (ईडीटीए हे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं रसायन) ३७ अंशांना बहुतेक सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या एका प्रकारच्या पेशी, दोन ते पाच मिनिटांत सोडवतं. सुटल्यावरही ते थांबत नाही, पेशीच्या बाहेरची प्रथिनं कुरतडत राहतं. जी प्रथिनं पेशीला पुन्हा चिकटायला लागतात, तीच जातात. आता चित्र डोळ्यासमोर आणा: वीस फ्लास्क, एक मायक्रोस्कोप, समोर रांग. सगळ्यांनी एकाच वेळी ट्रिप्सिन घातलेलं. रांगेतल्या शेवटच्या माणसाचा नंबर येईपर्यंत त्याच्या पेशींना पंधरा-वीस मिनिटं होऊन गेलेली असतात. नावांच्या यादीत खालच्या नावांचे फ्लास्क जास्त गेले असतील तर शंका ठेवू नका.

यावर दुसरा मायक्रोस्कोप हा उपाय नव्हे. एक तर प्रत्येक टेबलाने तीन-तीन मिनिटांच्या अंतराने सुरुवात करावी. दुसरं, नुसत्या डोळ्यांनी ओळखायला शिकवा. फ्लास्क उजेडासमोर तिरपा धरला की आधी तळाला धुरकट थर दिसतो; मग ओल आलेल्या भिंतीवरच्या पापुद्र्यासारखा तो सुटून खाली सरकू लागतो. तो सरकला की लगेच सीरम असलेलं मीडियम घाला, ट्रिप्सिनच्या किमान दुप्पट. सीरममधली प्रतिरोधक प्रथिनं ट्रिप्सिनला अडवतात. चुकून बिनसीरमच्या मीडियमने थांबवलं तर थांबवल्यासारखं वाटतं, पण ट्रिप्सिन चालूच राहतं. सीरम घालायचं राहिलेली बाटली तयार बाटलीच्या शेजारी ठेवलेली असली की हे होतं. दोन्ही लालच असतात. सीरम घातल्याक्षणी झाकणावर खूण आणि तारीख लिहायची.

दुसरं कारण उलटं: ट्रिप्सिन काम करत नाही, मग माणूस वैतागून फ्लास्क आपटतो, पिपेटने जोरजोरात फवारे मारतो आणि पेशी फोडतो. गुच्छ आणि चिकट तंतू दिसले की हे झालं. ट्रिप्सिन का चाललं नाही, याची तीन कारणं बघा. पहिलं, जुनं मीडियम नीट धुतलं गेलं नाही, उरलेल्या सीरमने ट्रिप्सिनला आधीच बांधून टाकलं. टी-२५ ला तीन मिली पीबीएसने (फॉस्फेटच्या क्षारद्रावणाने) दोनदा धुवा. दुसरं, पीबीएस कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं होतं. या आयनांनी पेशींचे जोड टिकतात आणि ईडीटीए त्यांनाच पकडण्यात खर्ची पडतं. दोन्ही प्रकारच्या पीबीएसच्या बाटल्या दिसायला सारख्या असतात, लेबलवर "विना कॅल्शियम, विना मॅग्नेशियम" वाचल्याशिवाय उघडू नका. तिसरं, ट्रिप्सिनची बाटली सकाळी नऊपासून ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये होती. ट्रिप्सिन स्वतःलाच पचवतं. चहाच्या सुट्टीनंतर त्याच बाटलीत दम उरलेला नसतो. पाच-पाच मिलीचे भाग करून उणे २० अंशांना ठेवा, लागेल तेवढाच भाग वापराच्या आधी काढा, उरलेला पुन्हा गोठवू नका.

मोजणी आणि गणित

चिकटल्या आहेत पण विरळ, असं असेल तर वहीतलं गणित तपासा. हिमोसायटोमीटरच्या मोठ्या चौकोनात एक मिलीमीटर गुणिले एक मिलीमीटर गुणिले ०.१ मिलीमीटर, म्हणजे एका मिलीलिटरचा दहाहजारावा भाग द्रव मावतो. चार कोपऱ्यांतल्या चौकोनांची सरासरी ४० आली आणि ट्रायपॅन ब्लूने दुप्पट पातळ केलं असेल, तर ४० गुणिले २ गुणिले १०,००० म्हणजे मिलीला आठ लाख. टी-२५ मध्ये पाच लाख पेशी घालायच्या तर ०.६२५ मिली लागेल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २०,०००. चौकोनांची बेरीज केली पण चारने भागलं नाही, तर तोच आकडा बत्तीस लाख येतो, माणूस ०.१६ मिली घालतो आणि फ्लास्कमध्ये पाव भागच पेशी पडतात. इतक्या विरळ पेशी चिकटतात, पण ओढून-ताणून वाढतात. तिसऱ्या दिवशीच्या एमटीटीला त्यांचा उपयोग नाही.

गणित बरोबर असूनही फ्लास्कागणिक फरक येत असेल तर नळी बघा. पेशी तळाशी बसतात. वीस जण एकाच नळीतून घेत असतील आणि मधे कोणी हलवत नसेल, तर काहींना दाट आणि काहींना नुसतं मीडियम मिळतं. प्रत्येकाने घेण्याआधी नळी दोनतीनदा हळू उलटीसुलटी करायची.

सेंट्रिफ्यूज

सूचनापत्रात "१००० आरपीएम, पाच मिनिटं" लिहिलेलं असतं, पण पेशीला आरपीएम (मिनिटाला फेरे) कळत नाही, जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) कळतो. रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर १००० आरपीएमला सुमारे ११२ जी, १७ सेंटिमीटर असेल तर सुमारे १९०. २०० जीपर्यंत ठीक आहे. सेंट्रिफ्यूज मायक्रोबायोलॉजीबरोबर सामाईक असेल आणि आधीचं ५००० आरपीएमचं सेटिंग तसंच राहिलं असेल, तर १० सेंटिमीटरच्या रोटरवर ते २८०० जीच्या जवळ जातं आणि तळाची गोळी इतकी घट्ट बसते की सोडवताना पेशी फुटतात. सुरू करण्याआधी पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायची सवय लावा. थोडं शाळकरी वाटतं, पण चालतं.

जंतुसंसर्ग

जिवाणू रात्रीतून मीडियम गढूळ आणि पिवळं करतात. यीस्ट अंडाकृती, अंकुर फुटलेल्या माळांसारखं दिसतं. बुरशीचे धागे उघड्या डोळ्यांनाही कापसासारखे दिसू लागतात. तिन्हीत फ्लास्क वाचवायचा प्रयत्न नको. झाकण न उघडता बाहेर काढा, निर्जंतुक करून टाका. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार संशोधनातली मानवी आणि प्राणी पेशी-कल्चर पिवळ्या वर्गात येतात आणि आधी जागेवरच निर्जंतुक करावी लागतात. ब्लीच घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ देऊ नका.

स्रोत शोधायला एक स्वस्त युक्ती: प्रत्येक बाटलीतलं पाच मिली, पेशींशिवाय, वेगळ्या फ्लास्कमध्ये घालून ३७ अंशांना दोन दिवस ठेवा. जी गढूळ होईल ती बाटली. सगळ्या स्वच्छ राहिल्या तर संसर्ग हातातून, हूडमधून किंवा इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमधून आला. या युक्तीसाठी बिनप्रतिजैविकांचं मीडियम वापरा. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन थोडासा संसर्ग दाबून ठेवतं आणि निष्काळजी हात महिनोन्‌महिने झाकून राहतात. शिकण्याच्या पाच दिवसांत तर प्रतिजैविक देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हात चुकला की दुसऱ्या दिवशी दिसला पाहिजे.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे बुरशीचा हंगाम. कल्चर रूममधली पुठ्ठ्याची खोकी आधी बाहेर काढा, दमट पुठ्ठा बुरशीचं माहेर आहे. एसीची जाळी धुवा. इनक्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, निर्जंतुक ऊर्ध्वपातित घाला. हूडमध्ये काम करताना समोरची जाळी वही, टिश्यूपेपर किंवा कोपरांनी झाकली की हवेचा पडदा फाटतो. गर्दीत हे सारखं होतं. आणि यूव्ही दिवा पंधरा मिनिटं लावला म्हणून ७० टक्के अल्कोहोलने पुसणं टळत नाही. शुद्ध अल्कोहोल जास्त चांगलं असं समजू नका. प्रथिनं बिघडवायला पाणी लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल त्याआधीच उडून जातं.

हेला आणि दुसरी सेल लाइन एकाच दिवशी शिकवायची असेल तर मीडियमच्या बाटल्या वेगळ्या, वेळाही वेगळ्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून आलेल्या या पेशी इतक्या जोमदार आहेत, की १९६६ मध्ये स्टॅन्ले गार्टलर यांनी वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हेला असल्याचं दाखवून दिलं होतं. अशी मिसळ झाली तर फ्लास्क छान भरलेला दिसतो, म्हणून ती लक्षातच येत नाही.

इनक्युबेटर आणि सिलिंडर

पडद्यावर ३७ दिसतं म्हणून आत ३७ आहे असं नाही. पाण्याच्या चंचुपात्रात खात्रीचा थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. एक-दोन अंश कमी असलं तर पेशी सावकाश वाढतात. दोन-तीन अंश जास्त असलं तर मरतात. चुकायचंच तर खालच्या बाजूला चुकलेलं बरं.

सिलिंडरच्या गेजवर फार विसंबू नका. कार्बन डायऑक्साइड आत द्रवरूपात असतो आणि द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो. काटा खाली येऊ लागतो तेव्हा द्रव संपलेला असतो, थोडाच वायू उरलेला असतो. पुरवठा किती आहे ते वजनावरून कळतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं. कार्यशाळा सुरू होण्याआधी वजन करून घ्या, विशेषतः उन्हाळ्यात, वीज गेल्यावर इनक्युबेटर पुन्हा पुन्हा भरून घेणार असेल तेव्हा.

शिवाय दार. वीस उत्साही लोक "फक्त एकदा बघू द्या" म्हणत दिवसभर दार उघडतात. प्रत्येक वेळी वायू आणि ओलावा निघून जातो. पाहण्याच्या दोन वेळा ठरवा, बाकी वेळी दार बंद.

पाणी आणि काच

इथपर्यंत काहीच सापडलं नाही आणि पेशी निळ्या पडत असतील तर घरी तयार केलेल्या मीडियमकडे वळा. बाटल्या साबणाने धुतल्यावर पुरेशा खंगाळल्या नाहीत तर उरलेला डिटर्जंट पेशींच्या पडद्याला मारक ठरतो. मीडियमची परासरता (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २८० ते ३२० मिलीऑस्मोलच्या बाहेर गेली असेल तर तेही मारतं. पावडर दहा लिटरची आणि पाणी नऊ लिटर, असं घडतं. सोपा पडताळा म्हणजे तयार मिळणाऱ्या द्रव मीडियमची एक छोटी बाटली आणून त्याच पेशी दोन्हींत शेजारी शेजारी वाढवणं. खर्च आहे, पण वाद संपतो. ऑस्मोमीटर जवळच्या संस्थेत किंवा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असतो, विचारलं तर नमुना मोजून देतात.

मूळ पेशी

शिकवणाऱ्याचा फ्लास्कही गेला, मीडियम बदलूनही फरक नाही, तर पेशीच थकलेल्या आहेत. गोठवलेल्या पेशींची व्हायल (कुपी) द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना होती की उणे ८० च्या फ्रीजरमध्ये महिनोन्‌महिने? फ्रीजरमध्ये पेशी हळूहळू मरतात. वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात एक-दोन मिनिटं, बर्फाचा छोटा खडा उरला की बाहेर; नंतर डीएमएसओ (गोठवताना पेशी जपणारं रसायन) पातळ करताना मीडियम थेंबाथेंबाने. हे शिकवणाऱ्यानेच, कार्यशाळेच्या निदान आठवडाभर आधी करायचं काम आहे. आदल्या संध्याकाळी व्हायल काढून दुसऱ्या दिवशी पॅसेजला देणं म्हणजे अजून सावरलेल्याही नसलेल्या पेशींना वीस नवख्या हातांत सोपवणं.

आणि शेवटचा संशय मायकोप्लाझ्मा, म्हणजे अगदी बारीक जिवाणू. मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपला काही दिसत नाही, पेशी मात्र मंद वाढतात, नीट चिकटत नाहीत, प्रत्येक पॅसेजला आणखी रुसतात. पेशीभित्ती नसल्यामुळे पेनिसिलिनचा परिणाम नाही आणि ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही ते निसटू शकतं. काही जाती माणसाच्या तोंडात राहतात, म्हणून हूडसमोर गप्पा नकोत. घरच्या घरी होक्स्ट ३३२५८ या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने रंगवून केंद्रकाबाहेर ठिपके दिसतात का ते पाहता येतं, पण सराव नसेल तर निकाल फसवा निघतो.

इथे थांबा

मायकोप्लाझ्मा असल्याची शंका दोन पॅसेजनंतरही गेली नाही तर पीसीआर चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवा. निकाल होकारार्थी आला तर औषधं घालून पेशी वाचवत बसू नका. त्या टाका, इनक्युबेटर रिकामा करून पुसा, नवी व्हायल आणा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे, भारतातल्या संस्थांना तिथून सेल लाइन मिळतात. मात्र मागणीला वेळ लागतो, कार्यशाळेच्या आठवड्यात फोन करून काही होत नाही. मानवी सेल लाइनची ओळखच संशयास्पद वाटत असेल तर एसटीआर (डीएनएवरून ओळख पटवणारी) तपासणीही बाहेरूनच करून घ्या.

बायोसेफ्टी कॅबिनेटचा हवेचा अलार्म वाजत असेल तर काम थांबवा आणि कंपनीच्या अभियंत्याला बोलवा. हेपा फिल्टरची जाळी स्वतः उघडून पुसू नका. ओल्या फडक्याने तो निकामी होतो आणि तुम्हाला कळतही नाही. थर्मामीटर आणि पडदा यांत फरक आला, किंवा वायूचं प्रमाण पडद्यावर पाच असूनही मीडियम जांभळं राहतं, तर सेन्सरचं कॅलिब्रेशन अभियंत्याकडून. रेग्युलेटरपाशी फुसफुस ऐकू आली तर टेफलॉन टेप गुंडाळत बसू नका. झडप बंद करा आणि पुरवठादाराला बोलवा. बंद एसी खोलीत डोकं जड वाटू लागलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, दार-खिडक्या उघडा. द्रव नायट्रोजनचंही तेच: एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि तो खोलीतली हवा ढकलतो. व्हायल काढताना चेहऱ्यावर कवच हवंच, कारण आत द्रव शिरलेली व्हायल वितळताना फुटू शकते. मानवी पेशी हाताळताना सुई टोचली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर भरपूर पाण्याने धुवा, डॉक्टरकडे न्या, आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवा. कार्यशाळा संपण्याची वाट बघू नका.

दरम्यान, तिसऱ्या दिवसाचं काय?

निदान चालू असताना वीस जण रिकामे बसवता येत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, शिकवणाऱ्याने दोन टी-७५ फ्लास्क पॅसेज करून वेगळ्या फळीवर ठेवावेत, त्यावर "हात लावू नये" लिहावं. तिसऱ्या दिवशी ज्यांचे फ्लास्क गेले त्यांना त्यातून सकाळीच पेशी वाटून द्या आणि ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये विहिरीला दहा हजार या हिशोबाने घाला. संध्याकाळी तपासायचं औषध घाला, पाचव्या दिवशी सकाळी एमटीटी. वेळापत्रक एका दिवसाने सरकतं. चौथ्या दिवसाचं गोठवण्याचं प्रात्यक्षिक दुपारऐवजी सकाळी घेतलं की तेही बसतं.